शाळा बांधायच्या, पण कर्जाला संमती कुणाची? न्यू जर्सीतील लोनेगन खटला

गरीब वस्तीतील मुलांच्या शाळा पडायला आल्या आहेत. न्यायालयाने सरकारला त्या बांधून द्यायला सांगितले आहे. सरकारकडे रोख पैसा नाही, म्हणून ते कर्ज काढते. तेवढ्यात एक करदाता न्यायालयात जातो आणि म्हणतो, ‘हे कर्ज शेवटी आम्हीच फेडणार. संविधानाप्रमाणे त्यासाठी आमचे मत घ्यायला हवे होते. ते का घेतले नाही?’

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २००० नंतरच्या काही वर्षांत नेमके हेच घडले. हा खटला ‘लोनेगन विरुद्ध न्यू जर्सी राज्य’ या नावाने ओळखला जातो. त्याचे दोन निकाल लागले, एक २००२ मध्ये आणि दुसरा २००३ मध्ये. शिक्षणाचा हक्क आणि सरकारी पैशावरील लोकांचे नियंत्रण या दोन्ही गोष्टी आपण लोकशाहीच्या मानतो. इथे त्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. शिक्षण, शिष्यवृत्ती आणि अर्थसंकल्प या विषयांवर काम करणाऱ्या तरुणांनी हा खटला समजून घ्यावा, म्हणून त्याची पार्श्वभूमी, युक्तिवाद आणि परिणाम इथे क्रमाने मांडले आहेत.

कर्जमर्यादेचे कलम कसे आले?

अमेरिकेत देशाच्या संविधानाशिवाय प्रत्येक राज्याचे स्वतःचे संविधान असते. १८३० च्या दशकात अनेक राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी प्रचंड कर्जे काढली. १८३७ मध्ये आर्थिक संकट आले आणि त्यानंतर काही राज्यांना व्याजसुद्धा देता येईना. हा अनुभव घेऊन अनेक राज्यांनी आपल्या संविधानात विधिमंडळाच्या कर्ज काढण्याच्या अधिकारावर बंधन घातले.

न्यू जर्सीने १८४४ च्या संविधानात हे बंधन आणले. एक लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज काढायचे तर लोकांची मंजुरी हवी, असे त्यात म्हटले होते. आजचे संविधान १९४७ चे आहे. त्यानुसार राज्याचे कर्ज त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी तरतुदीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त होणार असेल, तर कर्जाचा एकच ठरावीक हेतू सांगणारा कायदा करावा लागतो आणि तो सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांकडून मंजूर करून घ्यावा लागतो. युद्धासारख्या आणीबाणीच्या प्रसंगांना यातून सूट आहे.

यामागचा विचार साधा आहे. आजचे आमदार कर्ज काढून नाव कमावतील आणि फेड पुढच्या पिढीच्या गळ्यात पडेल. म्हणून ज्यांना फेडायचे आहे त्यांना आधी विचारा.

शिक्षणाचे कलम आणि मालमत्ता कराचा घोळ

त्याच संविधानात शिक्षणाचेही एक कलम आहे. ते १८७५ च्या दुरुस्तीने आले. पाच ते अठरा वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची परिपूर्ण आणि कार्यक्षम व्यवस्था ठेवणे हे विधिमंडळाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय आहे. पुढची सगळी लढाई या दोन विशेषणांभोवती झाली.

अमेरिकेत शाळा चालवण्याचे काम ‘शालेय जिल्हा’ नावाची स्थानिक संस्था करते. हा आपल्याकडचा जिल्हा नव्हे. एखादे गाव, शहर किंवा दोन-चार गावांचा गट मिळून एक शालेय जिल्हा होतो. न्यू जर्सीसारख्या लहान राज्यातही असे सुमारे सहाशे शालेय जिल्हे आहेत. त्यांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो.

यात अन्याय कसा शिरतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका उपनगरात सगळ्या घरांची आणि दुकानांची मिळून किंमत १०० कोटी डॉलर आहे आणि शाळेत ५,००० मुले आहेत. एक टक्का कर लावला की एक कोटी डॉलर मिळतात, म्हणजे मुलामागे २,००० डॉलर. शेजारच्या गरीब शहरात मालमत्तेची किंमत ५० कोटी आणि मुले १०,००० आहेत. तिथल्या लोकांनी दुप्पट, म्हणजे दोन टक्के कर भरला तरी मिळतात तेच एक कोटी डॉलर, आणि मुलामागे पडतात १,००० डॉलर. गरीब माणूस दुप्पट दराने कर भरतो आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला निम्मा पैसा येतो. त्यात अशा शहरांना पोलीस, अग्निशमन, आरोग्य यांवरचा खर्चही जास्त असतो.

१९७० मध्ये जर्सी सिटीतील एका विद्यार्थ्याच्या नावाने या व्यवस्थेविरुद्ध खटला दाखल झाला. हा ‘रॉबिन्सन विरुद्ध केहिल’ खटला. १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था शिक्षणाच्या कलमात बसत नाही असा निर्णय दिला. विधिमंडळाने कायदा केला, पण पैशाची तरतूद होईना. अखेर जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांवर खर्च करण्यासच मनाई केली. राज्यातील सार्वजनिक शाळा काही दिवस बंद राहिल्या. दिवस उन्हाळी वर्गांचे होते, पण धक्का पुरेसा होता. त्याच महिन्यात राज्यात पहिल्यांदा प्राप्तिकराचा कायदा झाला.

ॲबट खटला: कोळशाच्या कोठीतला वर्ग

तरीही दरी भरली नाही. १९८१ मध्ये ‘एज्युकेशन लॉ सेंटर’ या संस्थेने कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांतील वीस मुलांच्या वतीने ‘ॲबट विरुद्ध बर्क’ हा खटला दाखल केला. यातील जर्सी सिटी हे न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या अलीकडच्या काठावर वसलेले शहर आहे. आज तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी कुटुंबेही आहेत. गरीब शहरी शालेय जिल्ह्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक होती.

या खटल्यातील १९९० चा निकाल वाचताना लक्षात राहतात ते त्यातील शाळांचे तपशील. पॅटर्सनच्या एका प्राथमिक शाळेत मुले तळघरात बॉयलरजवळच्या छोट्या जागेत जेवत होती आणि मागे पडलेल्या मुलांचे वर्ग पूर्वीच्या स्वच्छतागृहात भरत होते. अर्व्हिंग्टनमध्ये संगीताचा वर्ग सामानाच्या खोलीत होता. दुसऱ्या एका शाळेत कोळसा साठवण्याच्या कोठीचाच वर्ग केला होता. ईस्ट ऑरेंजच्या एका शाळेत मुले पाळीपाळीने व्हरांड्यात बसून जेवत. जर्सी सिटीतील १९०० साली बांधलेल्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुलांचे कोट टांगण्याची जुनी खोली होती. भिंतींना तडे गेल्याने पाणी आत झिरपत होते.

दुसऱ्या बाजूला प्रिन्स्टनसारख्या संपन्न गावात आठ मुलांमागे एक संगणक होता. ईस्ट ऑरेंजमध्ये ४३ मुलांमागे एक, तर कॅम्डेनमध्ये ५८ मुलांमागे एक. ही आकडेवारी आणि ही वर्णने साक्षीपुराव्यातून आली होती. कुणीतरी प्रत्येक शाळेत जाऊन खोल्या मोजल्या होत्या, नोंदी केल्या होत्या, शिक्षकांना साक्षीला उभे केले होते. न्यायालयाने २८ गरीब शहरी शालेय जिल्ह्यांसाठी निधी वाढवण्याचा आदेश दिला. हे जिल्हे पुढे ‘ॲबट जिल्हे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नंतर त्यांची संख्या ३१ झाली.

पण चालू खर्चाचा पैसा वाढला तरी इमारती तशाच राहिल्या. १९९८ च्या निकालात न्यायालयाने पूर्ण दिवसाचे बालवर्ग, तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण आणि इतर सुधारणांबरोबर इमारतींचाही प्रश्न घेतला. मोडकी शाळा ही परिपूर्ण शिक्षणव्यवस्था होऊ शकत नाही, म्हणून या जिल्ह्यांतील इमारतींच्या दुरुस्तीचा आणि बांधकामाचा खर्च राज्याने उचलावा, असे ठरले. हा खर्च म्हणजे मंजूर कामांचा शंभर टक्के खर्च, हे मे २००० च्या निकालाने पक्के केले.

२००० चा कायदा: कर्ज, पण राज्याच्या नावावर नाही

जुलै २००० मध्ये गव्हर्नर ख्रिस्तीन टॉड व्हिटमन यांनी शाळा बांधकाम आणि वित्तपुरवठ्याच्या कायद्यावर सही केली. त्यात ८६० कोटी डॉलरचे रोखे काढण्याची परवानगी होती. ६०० कोटी ॲबट जिल्ह्यांसाठी, २५० कोटी राज्यातील इतर जिल्ह्यांसाठी आणि १० कोटी व्यवसाय शिक्षणाच्या शाळांसाठी. ॲबट जिल्ह्यांत सगळा मंजूर खर्च राज्याचा आणि इतर जिल्ह्यांत निदान चाळीस टक्के वाटा राज्याचा, अशी रचना होती. इतर जिल्ह्यांनाही वाटा दिल्यामुळे उपनगरांतील आमदारांचा पाठिंबा मिळणे सोपे झाले.

हे रोखे राज्य सरकारने स्वतः काढले नाहीत. ‘आर्थिक विकास प्राधिकरण’ या स्वतंत्र सरकारी संस्थेने ते काढायचे होते. राज्य सरकार या प्राधिकरणाशी करार करणार आणि दरवर्षी मुद्दल-व्याजाचा हप्ता भरण्याइतकी रक्कम देणार. मात्र करारात एक अट असते: विधिमंडळाने त्या वर्षी अर्थसंकल्पात तरतूद केली तरच ही रक्कम मिळेल. तरतूद झाली नाही, तर रोखेधारकाला राज्यावर दावा करता येत नाही. हे राज्याचे कर्ज नाही, असे रोख्यांवरच नमूद असते.

या पद्धतीला ‘करार रोखे’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत हे राज्याचे कर्ज नाही, म्हणून कर्जमर्यादेचे कलम लागत नाही आणि मतदारांकडे जावे लागत नाही. पद्धत नवी नव्हती. सरकारी इमारती बांधणाऱ्या एका प्राधिकरणाच्या बाबतीत १९८२ मध्येच न्यायालयाने ती मान्य केली होती. व्यवहारात मात्र सगळ्यांना माहीत असते की राज्य हे हप्ते भरणारच. एकदा जरी हप्ता चुकला तरी राज्याची पत कोसळेल आणि पुढचे प्रत्येक कर्ज महाग होईल. गुंतवणूकदार याच भरवशावर हे रोखे विकत घेतात.

करदात्याची तक्रार

स्टीव्हन लोनेगन हे त्या वेळी बोगोटा नावाच्या छोट्या नगराचे महापौर होते आणि सरकारी खर्च कमी असावा या मताचे राजकारणी होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करदाते म्हणून या कायद्याला आव्हान दिले. शाळाबांधणीच्या कायद्याबरोबर करार रोख्यांना परवानगी देणारे इतर अनेक कायदेही त्यांनी आव्हानात घेतले.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता. फेड करणार राज्याची तिजोरी, तिजोरीत पैसा करदात्याचा, आणि फेड टाळणे व्यवहारात अशक्य. मग हे कर्ज नाही असे म्हणणे ही शब्दांची कसरत आहे. एका प्राधिकरणाचे नाव मध्ये घातले की संविधानाचे कलम गायब होणार असेल, तर ते कलम लिहिलेच कशाला? अशा रोख्यांचा राज्याच्या एकूण कर्जातला वाटा वाढत चालला आहे आणि मतदाराला त्याची खबरसुद्धा नाही.

सरकारचे उत्तर होते की कर्ज म्हणजे कायद्याने वसूल करता येईल असे देणे. इथे पुढच्या विधिमंडळावर कोणतेही कायदेशीर बंधन नाही, त्यामुळे कर्जच नाही. शिवाय या शाळा बांधणे राज्याला ऐच्छिक नव्हते. संविधानाने आणि न्यायालयाने ते काम राज्यावर सोपवले होते.

लोनेगन यांचा खर्चाबाबतचा राजकीय दृष्टिकोन आपल्याला पटो वा न पटो, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण मतदानाने निर्णय झाला असता तर काय, हेही पाहिले पाहिजे. ॲबट जिल्ह्यांतील कुटुंबे राज्यात अल्पसंख्य. त्यांच्या मुलांना मत नाही आणि अनेक पालकांचे मतदानही कमी. कोळशाच्या कोठीत बसणाऱ्या मुलाला वर्ग मिळावा का, हे उपनगरातल्या घरमालकाच्या मतावर सोडले, तर त्याला हक्क म्हणता येईल का? बहुमताच्या मर्जीवर चालू नये म्हणूनच तर काही गोष्टी संविधानात लिहिल्या जातात.

दोन निकाल

खालच्या दोन्ही न्यायालयांत लोनेगन हरले. ऑगस्ट २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिला निकाल दिला. त्यात शाळाबांधणीचे रोखे वैध ठरले. न्यायालयाने आधीच्या निकालांचा आधार घेतला आणि त्याचबरोबर शिक्षणाच्या कलमाचे वजनही लक्षात घेतले. संविधानाची दोन कलमे समोरासमोर येतात तेव्हा दोन्हींना अर्थ राहील असा मार्ग काढावा लागतो. ॲबट निकालांनी राज्यावर टाकलेले कर्तव्य पार पाडण्यासाठी हा कायदा झाला होता, ही गोष्ट इथे निर्णायक ठरली.

मात्र न्यायालयाने इतर करार रोख्यांना त्याच दमात मान्यता दिली नाही. त्यांच्यामागे शिक्षणाच्या कलमासारखा आधार नव्हता. त्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पुन्हा युक्तिवाद करावा, असे सांगण्यात आले.

दुसरा निकाल एप्रिल २००३ मध्ये आला. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने इतर रोखेही वैध ठरले. राज्यावर कायद्याने बंधनकारक असलेले कर्जच या कलमाखाली येते, असे बहुमताने म्हटले. सरकारी वित्तपुरवठ्याच्या आधुनिक पद्धती आणि इतक्या वर्षांच्या निकालांवर विसंबून झालेले व्यवहार न्यायालयाने मोडू नयेत, असाही त्यांचा कल होता. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. मतदारांना विचारण्याची संविधानाची अट अशा वाटेने पोकळ होते, ही लोनेगन यांची तक्रार त्यांना रास्त वाटली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. मुलांच्या शाळांचा पैसा शिक्षणाच्या कलमाच्या भक्कम आधारावर टिकला. इतर खर्चाचा पैसा एका मताने टिकला.

करदात्याचा खटला: हत्यार कुणाच्या हातात?

करदाता म्हणून सरकारविरुद्ध खटला भरता येतो का? अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत सहसा येत नाही. १९२३ च्या ‘फ्रॉथिंगहॅम विरुद्ध मेलन’ निकालात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केंद्राच्या कोट्यवधींच्या खर्चात एका करदात्याचा वाटा इतका नगण्य असतो की तेवढ्यावर त्याला दाद मागता येणार नाही. १९६८ मध्ये ‘फ्लास्ट विरुद्ध कोहेन’ खटल्यात धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देण्यापुरता एक अपवाद मान्य झाला. राज्यांच्या न्यायालयांत मात्र करदात्याला बरीच मोकळीक असते. लोनेगन खटला त्यामुळेच उभा राहू शकला.

शाळांच्या इतिहासात असे खटले जुने आहेत. १८७३ मध्ये मिशिगन राज्यातील कलामाझू गावच्या काही करदात्यांनी तक्रार केली की त्यांच्या कराचा पैसा हायस्कूलवर खर्च करता येणार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि सार्वजनिक हायस्कूलांचा रस्ता मोकळा झाला.

पण हे हत्यार नेहमी शाळांच्या विरोधातच वापरले गेले असे नाही. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात शिक्षण मंडळाने १८९७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांचे ‘वेअर हायस्कूल’ बंद केले. गोऱ्या मुलांच्या हायस्कूलांना मात्र पैसा सुरूच राहिला. तेव्हा कृष्णवर्णीय पालक करदाते म्हणून न्यायालयात गेले. आमचा कर घेता आणि आमच्या मुलांसाठी हायस्कूल नाही, तर त्या हायस्कूलांसाठी कर वसूल करणे थांबवा, असे त्यांनी मागितले. १८९९ मध्ये ‘कमिंग’ खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. हरले तरी त्यांनी मांडलेली गोष्ट स्पष्ट होती: कर भरणारा प्रत्येक माणूस सार्वजनिक पैशाचा मालक आहे आणि त्याला हिशेब मागता येतो.

म्हणून करदात्याचा खटला म्हटला की तो श्रीमंतांचाच, असे धरून चालू नये. गरीबही कर भरतात, आणि वरच्या उदाहरणात पाहिले तसे, कधीकधी जास्त दराने भरतात.

पैसा आला, पुढे काय झाले?

न्यायालयात जिंकल्यावर शाळा आपोआप उभ्या राहिल्या असत्या, तर हा लेख इथेच संपला असता. तसे झाले नाही.

२००२ मध्ये गव्हर्नर जेम्स मॅकग्रीवी यांच्या काळात बांधकामासाठी ‘शाळा बांधकाम महामंडळ’ स्थापन झाले. तीन वर्षांतच त्याच्या कारभारावर गंभीर ठपका आला. २००५ मध्ये राज्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात उधळपट्टी, ढिसाळ देखरेख आणि गैरव्यवस्थापन यांवर बोट ठेवले गेले. ॲबट जिल्ह्यांसाठीचे ६०० कोटी डॉलर संपत आले आणि ठरलेल्या अनेक शाळा कागदावरच राहिल्या. काही ठिकाणी जागा घेतल्या, जुनी घरे पाडली आणि काम थांबले. २००७ मध्ये हे महामंडळ बरखास्त करून ‘शाळा विकास प्राधिकरण’ आणावे लागले. २००८ मध्ये आणखी ३९० कोटी डॉलर मंजूर झाले. त्यातील २९० कोटी ॲबट जिल्ह्यांसाठी होते.

चांगली उदाहरणेही आहेत. युनियन सिटी हे दाट वस्तीचे शहर. तिथे २००९ मध्ये सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून नवे हायस्कूल उघडले. मैदानाला जागा नव्हती, म्हणून ते इमारतीच्या छतावर केले.

त्याउलट राज्याची राजधानी ट्रेंटन. तिथले १९३२ मध्ये उघडलेले मध्यवर्ती हायस्कूल गळके छप्पर आणि पडक्या वर्गांसाठी बदनाम झाले होते. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक वर्षानुवर्षे आवाज उठवत राहिले. जुनी इमारत २०१५ मध्ये पाडायला घेतली आणि नवी शाळा सप्टेंबर २०१९ मध्ये उघडली. १९९८ च्या निकालापासून मोजले तर एकवीस वर्षे झाली. त्या निकालाच्या वेळी पहिलीत असलेले मूल तोवर सत्ताविशी गाठून बसले होते.

मतदारांचे उत्तर

लोनेगन न्यायालयात हरले, पण त्यांचा मुद्दा मेला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी संविधानात दुरुस्ती मंजूर केली. राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडायचे असलेले प्राधिकरणांचे नवे रोखेही आता मतदारांच्या मंजुरीशिवाय काढता येत नाहीत. टोलसारख्या स्वतंत्र उत्पन्नातून किंवा संविधानाने राखून ठेवलेल्या निधीतून फेड होणार असेल, तर सूट आहे. म्हणजे न्यायालयाने जी वाट उघडी ठेवली होती, ती लोकांनी पुढच्या कर्जांसाठी बरीचशी बंद केली. २००८ चे ३९० कोटी डॉलर त्याआधी काही महिनेच मंजूर झाले होते.

यानंतर लोकांनी शाळांना नेहमी नकार दिला, असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. हा पैसा व्यवसाय शिक्षण, शाळांची सुरक्षा, पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या अशा कामांसाठी होता. पण ८६० कोटी आणि ५० कोटी यांतले अंतर पाहिले की मतदारांकडे जाण्याचा अर्थ काय होतो, हे कळते.

कार्यकर्त्यांनी काय पाहावे?

या खटल्यातून माझ्या मते तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, हक्क कुठे लिहिला आहे ते महत्त्वाचे. न्यू जर्सीच्या मुलांना शाळा मिळाल्या त्या कुणाच्या दयेने नाहीत. १८७५ मध्ये लिहिलेल्या एका वाक्याचा आधार घेऊन, शंभर वर्षांनी, वकील आणि पालक न्यायालयात उभे राहिले म्हणून मिळाल्या. आणि ते वाक्य एकटे पुरले नाही. बॉयलरजवळ जेवणारी मुले, तडा गेलेली भिंत, ५८ मुलांमागे एक संगणक, ही नोंद कुणीतरी चिकाटीने केली होती. आपल्या वस्तीतल्या शाळेत किती खोल्या आहेत, किती वापरात आहेत, मुलींचे स्वच्छतागृह चालू आहे का, याची तारीखवार नोंद ठेवणे हे काम कंटाळवाणे वाटते. पण खटला अशाच नोंदींवर उभा राहतो.

दुसरी, पैसा कुठून येतो हे विचारायला लाजू नये. मागणी न्याय्य असली की तिच्या वित्तपुरवठ्याबद्दल प्रश्न विचारणारा विरोधकच असतो, असे आपण पटकन धरतो. लोनेगन यांचा राजकीय हेतू वेगळा असेल, पण कर्ज कुणाच्या नावावर, फेड कुणी करायची आणि संमती कुणाची, हे प्रश्न आपलेही आहेत. ते आपण विचारले नाहीत तर दुसरे कुणी विचारतील, आणि त्यांचे उत्तर कदाचित शाळाच नको असे असेल.

तिसरी, निधी मंजूर होणे हा शेवट नाही. ६०० कोटी डॉलर हातात असूनही शाळा कागदावर राहिल्या, कारण खर्चावर नजर ठेवणारी यंत्रणा कमजोर होती. उधळपट्टीची किंमत कंत्राटदाराने मोजली नाही. ज्या मुलांच्या नावाने पैसा आला, त्यांनीच ती मोजली. शिवाय अशा उधळपट्टीने ‘गरिबांच्या शाळांवर पैसा वाया जातो’ म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळतो. म्हणून निविदा कुणाला मिळाली, काम कुठवर आले, पैसा किती उरला, हे विचारणारी पालकांची समिती ही मोर्चाइतकीच गरजेची आहे.

ॲबट खटला दाखल झाला १९८१ मध्ये, बांधकामाचा कायदा आला २००० मध्ये आणि ट्रेंटनची शाळा उघडली २०१९ मध्ये. एवढ्या काळात वकील बदलले, गव्हर्नर बदलले, आंदोलन करणारी मुले स्वतः पालक झाली. शाळेसाठी लढणाऱ्या संघटनेने आपल्या कागदपत्रांची फाईल पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपवायला हवी. ज्याने पहिली नोंद केली, तो शेवटच्या दिवशी तिथे असेलच असे नाही.